गवती वहाणांचे टेकाड

नगरपरिषदांच्या नोकरीत एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला नव्या गावात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न पडतो तो लोकसंख्येचा. देऊळ, बाजार आणि नदी यांची चौकशी मागाहून होते. २०२४ च्या सप्टेंबरात तैवानच्या मध्यभागी, नानतौ जिल्ह्यातल्या त्साओतुन या गावी मुलीकडे सहा आठवडे राहायला गेलो, तेव्हाही विमानतळावरून येताना मी जावयांना हेच विचारले. गाडी चालवता चालवता त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितले, "लाखाच्या आत आहे बाबा, पण फार आत नाही." मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही निवृत्त झालात हे ऑफिसला कळलंय, तुम्हालाच अजून कळायचंय."

तिचे म्हणणे खरे असले तरी प्रश्न अगदीच रिकामटेकडा नव्हता. आपल्याकडे पंचवीस ते चाळीस हजार वस्तीची नगरपरिषद क वर्गात, त्यापुढची ब वर्गात आणि लाख ओलांडणारी अ वर्गात जाते. वर्ग बदलला की मुख्याधिकाऱ्याची श्रेणी बदलते, मंजूर पदांचा आकृतिबंध बदलतो, आणि गावातल्या पुढाऱ्यांच्या चालण्यातही थोडा फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लाखाच्या रेघेशी माझी अशी जुनी ओळख असताना तीच रेघ चार हजार किलोमीटरांहून दूर, वेगळ्या लिपीच्या आणि वेगळ्या कायद्याच्या मुलखात पुन्हा भेटावी, याचे मला अप्रूप वाटले.

पण आधी नावाविषयी सांगितले पाहिजे, कारण गावाचा भूगोल त्या नावातच आहे. त्साओतुन हा उच्चार मराठी माणसाला अवघड नाही. चुलीतला किंवा चाकातला च थोडा श्वास सोडून म्हटला की पहिले अक्षर जमते. हे नाव मात्र सरकारी कात्रीतून निघालेले आहे. मूळ नाव त्साओश्येतुन, म्हणजे गवती वहाणांचे टेकाड. पश्चिमेकडच्या लुगांग बंदरातून आणि चांगह्वा गावातून माल घेऊन डोंगरातल्या पुली खोऱ्याकडे जाणारे हमाल इथवर सपाट मुलखातून येत, इथे विसावा घेत, झिजलेल्या गवती वहाणा टाकून देत आणि चढणीसाठी नव्या घालत. टाकलेल्या वहाणांचा इतका ढीग साचला की त्यालाच टेकाड म्हणू लागले, अशी ही कथा. हमालांच्या जागी सैनिक असलेली कथाही सांगितली जाते; मला हमालांची आवडते, कारण नकाशा समोर ठेवला की ती पटते.

नकाशावर त्साओतुन तायचुंग या मोठ्या शहराच्या खोलगट मैदानाच्या आग्नेय कोपऱ्यात बसले आहे. पश्चिमेला भातखाचरे आणि सपाटी, पूर्वेला एकाएकी उठणारे डोंगर, आणि त्या डोंगरांतून वाट काढत येणारी वू नदी गावाच्या उत्तर हद्दीवरून मैदानात उतरते. तैवानच्या कण्यासारख्या डोंगररांगांत पश्चिमेकडून शिरायला सहज वाटा फार नाहीत, आणि नदीने कोरलेले हे खोरे त्यांपैकी एक आहे. अशा खिंडीच्या तोंडाशी गाव होणारच होते; घाटाच्या पायथ्याशी बैल बदलायची आणि चहाची गावे आपल्याकडे झाली, तसेच. नानतौ हा तैवानमधला समुद्रकिनारा नसलेला एकमेव जिल्हा. इथे यायचे तर कोणाची तरी हद्द ओलांडूनच यावे लागते, आणि ती ओलांडल्यावर पहिले मोठे गाव लागते ते बहुधा हेच.

गावात रेल्वे नाही. उत्तर-दक्षिण जाणारा तिसऱ्या क्रमांकाचा प्रांतिक रस्ता आणि चांगह्वाहून डोंगराकडे जाणारा चौदा क्रमांकाचा रस्ता इथे भेटतात, आणि गावाचा बाजार त्या भेटीवर जगत आलेला आहे. २००९ मध्ये पुलीपर्यंतचा सहा क्रमांकाचा द्रुतगती मार्ग खुला झाल्यापासून डोंगराकडे जाणाऱ्या माणसाला इथे थांबायचे कारण उरले नाही. तो खांबांवरच्या रस्त्याने नदीच्या कडेकडेने सरळ निघून जातो. वहाणा बदलण्याची गरज संपली तरी गाव ओस पडले नाही, कारण तोवर ते विसाव्याचे ठिकाण राहिलेले नव्हते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांत त्याची स्वतःची शेती, शाळा, कारखाने आणि तायचुंगला नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन राहणारी माणसे असा संसार उभा होता.

त्या संसाराचा पाया पाण्याने घातला. हान चिनी वसाहतकरी येण्यापूर्वी इथे होआन्या या मूळ रहिवाशांची पैतौ नावाची वस्ती होती. पुढे, १७५१ मध्ये, छ् ल्यांगशंग नावाच्या माणसाने वू नदीचे पाणी डोंगर फोडून कालव्याने या बाजूला वळवले. त्या कालव्याचे नाव श्यन, म्हणजे धोक्याचा, असे पडले, आणि सत्तरहून अधिक खेड्यांची शेते त्यावर भिजत असल्याची नोंद चांगह्वाच्या जुन्या वृत्तांतात आहे. पाणी आले तशी भातशेती आली, भातशेतीपाठोपाठ हुंग, ली, लिन आणि ज्यन या चार आडनावांची घराणी पसरली, आणि १८२३ पासून मध्य तैवानच्या मैदानातले अनेक मूळ रहिवासी पुलीच्या खोऱ्याकडे निघून गेले. ज्या वाटेने हमाल माल नेत, तिचा रोख धरूनच तेही वर गेले असणार. त्यांच्या वहाणांबद्दल मात्र कोणी गोष्ट सांगितलेली मी ऐकली नाही.

१९२० मध्ये जपानी राजवटीने सगळ्या बेटाची प्रशासकीय फेररचना केली आणि लांबलचक स्थानिक नावे छाटून दोन-दोन अक्षरांची केली. ताकाऊ बंदराच्या नावाला आज काओश्युंग वाचली जाणारी चिन्हे मिळाली ती तेव्हाच, आणि आमच्या गवती वहाणांच्या टेकाडातली वहाण गळाली तीही तेव्हाच. उरले ते नुसते गवत, आणि 'टेकाड' या चिन्हाच्या जागी आले ठाणे किंवा छावणी असा अर्थ असलेले दुसरे चिन्ह. नामांतराचे ठराव मी माझ्या नोकरीत पुष्कळ टंकलिखित करून घेतले आहेत. त्यांत लोकांच्या भावनांचा उल्लेख हटकून असतो. इथे भावनांचा प्रश्न नव्हता, रकान्यात नाव बसण्याचा होता. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, आणि त्या घरात ताइवानी बोलताना अजून जुनेच नाव घेतात, असे मुलीने सांगितले.

महायुद्धानंतर गाव आधी तायचुंग जिल्ह्यात होते. १९५० मध्ये तो तोडून नानतौ जिल्हा केला, आणि त्साओतुन त्याचे एक 'जन' ठरले. 'जन' हा चिनी शब्द ऐकून मला हसू आले, कारण आपल्या कानाला तो लोकवाचकच वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बाजारपेठेचे, नागरी वळणाचे गाव असा होतो. ग्रामीण वळणाचे असेल तर त्याला 'श्यांग' म्हणतात. या दोघांहून वरचे, पण जिल्ह्याच्याच अधिकाराखालचे, ते जिल्हाधीन शहर. आणि महानगरांच्या पोटात गेलेल्या तुकड्यांना म्हणतात 'छ्यु', म्हणजे विभाग. सगळ्या तैवानात या पातळीवरचे असे ३६८ घटक आहेत: १७० विभाग, १४ शहरे, ३८ जन आणि १४६ श्यांग. ही बेरीज मी मुलीच्या स्वयंपाकघरातल्या वाणसामानाच्या यादीमागे लिहून ठेवली होती, आणि ती यादी दुकानात न्यायची होती हे मला नंतर सांगण्यात आले.

आता लाखाच्या रेघेकडे येतो. पूर्वी जनाला शहर व्हायचे असेल तर दीड लाख लोकसंख्या लागे. त्साओतुनच्या पश्चिमेला, चांगह्वा जिल्ह्यात युआनलिन नावाचे जन होते. लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात, बाजार मोठा, रेल्वे स्थानक जुने. पण दीड लाख काही होत नव्हते. शेवटी २०१५ मध्ये कायदाच बदलला आणि मर्यादा एक लाखावर आणली. त्याच वर्षी ८ ऑगस्टला युआनलिन शहर झाले आणि ५ ऑक्टोबरला म्याओली जिल्ह्यातले थौफन शहर झाले. वरचे दोघे बढती घेऊन गेले आणि तैवानमधले सर्वांत मोठे जन हा मान काही न करता त्साओतुनकडे आला. ज्येष्ठता यादीत असे पुष्कळांचे होते; माझेही एकदा झाले होते.

त्साओतुनच्या दक्षिणेला, अगदी लागून, नानतौ शहर आहे. दोघांच्या लोकसंख्येत डोळ्यांत भरण्यासारखा फरक नाही, परंतु नानतौ १९८१ मध्येच शहर झाले, कारण जिल्ह्याचे मुख्यालय तिथे आहे आणि तेव्हा मुख्यालयाला लोकसंख्येची अट आड येत नव्हती. एका गावाला खुर्चीमुळे मिळाले ते दुसऱ्याला डोकी मोजूनही मिळत नाही, हे वाचून मला आपल्याकडची काही तालुक्याची ठिकाणे आठवली. त्यांची नावे घेत नाही.

नानतौच्याच हद्दीत, त्साओतुनच्या सीमेजवळ, चुंगश्यिंग नावाची वसाहत आहे, आणि प्रशासनाची आवड असलेल्या माणसाने ती जरूर पाहावी. तैवानचे प्रांतिक सरकार १९५७ मध्ये तायपेहून इथे हलवले गेले, आणि त्यासाठी उद्यानांची, रुंद रस्त्यांची, ठेंगण्या घरांची आणि भुयारी गटारांची एक आखीव वसाहत वसवली गेली. चार दशके सगळ्या प्रांताचे कागद इथे येत-जात होते. १९९८ मध्ये प्रांतिक सरकारचे अधिकार काढून घेऊन त्याचा सांगाडा ठेवला, आणि २०१८ मध्ये त्या सांगाड्याचीही कामे केंद्राकडे वर्ग झाली. मी गेलो त्या दुपारी मोठ्या झाडांखाली दोन म्हातारे बसले होते आणि एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. कार्यालय बंद झाल्यावर आवारातली झाडे अधिक डेरेदार दिसू लागतात, असा माझा अनुभव आहे. त्या झाडांच्या सावलीत मी बराच वेळ बसलो, आणि खरे सांगायचे तर एवढ्या मोठ्या सरकारचे काहीच वाटले नाही. वाईट वाटले ते आवक-जावक विभागाचे.

वू नदीवरच्या पुलाने उत्तरेला गेले की वूफंग लागते. तेही २०१० पर्यंत एक श्यांग होते, म्हणजे तिथले लोक आपला प्रमुख स्वतः निवडून देत. २५ डिसेंबर २०१० रोजी तायचुंग शहर आणि तायचुंग जिल्हा एकत्र होऊन महानगर झाले आणि वूफंग त्याचा विभाग बनले. आता तिथला प्रमुख महापौर नेमतात. अलीकडच्या काठावर त्साओतुनचे लोक दर चार वर्षांनी जनप्रमुख निवडतात, आपली प्रतिनिधी सभा निवडतात आणि २७ 'ली' म्हणजे प्रभागांचे प्रमुखही निवडतात. पलीकडच्या काठावर गावपातळीवर प्रभागप्रमुख तेवढा निवडायचा उरला आहे. नदी तीच, भात तेच, आडनावेही पुष्कळशी तीच. नेमलेला माणूस अनेकदा अधिक शिस्तीचा असतो आणि निवडून आलेल्याला भाचा-पुतण्यांची फार काळजी असते, हे मला मान्य आहे. आपल्याकडेही अलीकडची काही वर्षे निवडणुका रखडल्यामुळे कितीतरी नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती होत्या, आणि फायली त्या काळात वेगाने हलल्या असे म्हणणारे माझे मित्र आहेत. तरी नळाला पाणी आले नाही तर कोणाच्या दारात जाऊन आरडाओरडा करायचा, हे गावाला ठाऊक असले पाहिजे, या मताचा मी आहे. पुलाच्या दक्षिण टोकाला आलो की मला उगाचच आपल्या बाजूला आल्यासारखे वाटे.

वूफंगला मी गेलो होतो तो भूकंपाचे संग्रहालय पाहायला. २१ सप्टेंबर १९९९ च्या मध्यरात्रीनंतर १ वाजून ४७ मिनिटांनी नानतौ जिल्ह्यातल्या जिजी या जनाच्या परिसरात केंद्र असलेला भूकंप झाला आणि २,४०० हून अधिक माणसे गेली. डोंगर आणि मैदान यांच्या सांध्यावरून दक्षिणोत्तर जाणारा छलुंगपू प्रस्तरभंग त्या रात्री सुमारे शंभर किलोमीटर फाटला, आणि तो सांधा त्साओतुनमधूनच जातो. ज्या सांध्यामुळे हमाल इथे थांबत होते, गाव वसले होते आणि कालवा खणावा लागला होता, त्याच्याच खाली ही भेग होती. वूफंगच्या शाळेचे धावण्याचे मैदान मधोमध उचलले गेले, आणि ते तसेच जपून त्यावर छत घातले आहे. रंगवलेल्या पट्ट्या सरळ येतात आणि माणसाच्या उंचीच्या पायरीवर चढतात. मी ते पाहताना मुलीला काही बोललो नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तरुण लिपिक म्हणून मला लातूरकडे कामावर पाठवले होते. पत्र्याच्या निवाऱ्यांसाठी कुटुंबांच्या याद्या करणे हे माझे काम होते. तोही सप्टेंबर, तीही रात्र, नुकतेच गणपती विसर्जित झालेले. याद्या करताना कुटुंबप्रमुख हा रकाना मी पुन्हा पुन्हा खोडून लिहीत होतो.

त्साओतुनच्या पूर्वेला ज्यूज्यू, म्हणजे नव्याण्णव, शिखरांचा डोंगर आहे. नदीने आणलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा तो कच्चा थर, पावसाने करवतीच्या दात्यांसारखा कापलेला. भूकंपाच्या रात्री त्याच्या अंगावरची झाडी दरडींबरोबर घसरून गेली आणि डोंगर उघडा पडला. २००० मध्ये त्याचा मोठा भाग राखीव केला आणि तिथे मुद्दाम काही लावायचे नाही, आपोआप काय उगवते ते पाहायचे, असे ठरवले. मी पाहिला तेव्हा तो पुष्कळसा हिरवा झालेला होता. त्याच्या वाटेवर श्वांगतुंग नावाचा प्रभाग आहे आणि तिथली सुपारी तैवानभर प्रसिद्ध आहे. उतारांवर पोफळी पाहून माझ्यातला श्रीवर्धनकर जागा झाला. आपल्या वाड्यांत पोफळीला माड, केळी, जायफळाची संगत असते. इथे डोंगरउतारावर नुसत्या पोफळी उभ्या होत्या, आणि त्यांची मुळे वरवरची असल्याने अशी लागवड माती धरून ठेवीत नाही, हे तिथले सरकारही सांगत आलेले आहे. सुपारी ते कोवळी, हिरवीच, चुना लावून खातात. मी एक खाऊन पाहिली आणि कपाळाला घाम फुटला.

गावातली जी संस्था मला सर्वांत मनापासून आवडली ती हस्तकलेची. चित्रकार यन श्वेलुंग यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये नानतौमध्ये हस्तकलेचा एक वर्ग सुरू झाला आणि त्यातूनच वाढलेली राष्ट्रीय हस्तकला संशोधन संस्था आज त्साओतुनमध्ये आहे. बांबूच्या विणकामाचे नमुने पाहताना मला सारखे वाटत होते की गवती वहाणांची एक जोडी इथे कुठेतरी असणार. तशी काही दिसली नाही, आणि विचारायला भाषा नव्हती.

रोज संध्याकाळी आमच्या गल्लीत जनाच्या सफाई पथकाची कचरागाडी पियानोचे सूर वाजवत यायची. आपली घंटागाडी आठवून मी पहिल्याच दिवशी सर्वांआधी पिशवी घेऊन उभा राहिलो. कचरा दारात ठेवायचा नाही, गाडी आली की हातानेच टाकायचा. खरकटे वेगळ्या डब्यात, पुनर्वापराचे वेगळे. त्या दहा मिनिटांत सगळी गल्ली बाहेर येते. घरमालकीणबाई असत, शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांची काळजी घेणारी इंडोनेशियाची बाई असे, कारखान्यात काम करणारे व्हिएतनामचे तीन तरुण असत. कचरा टाकून झाल्यावर कोणी लगेच आत जात नसे.

याच गल्लीत मला माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तपासावे लागले. तैवानमध्ये जपानी काळापासून घरनोंदणीची पद्धत आहे. जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर सगळे नोंदणी कार्यालयात लिहिले जाते, आणि प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या दर महिन्याला प्रसिद्ध होते. २०११ ची जनगणना अजून उराशी धरून बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून हेवा वाटला. वर्ष मात्र तिथे तेव्हा ११३ लिहिलेले होते, कारण सरकारी कागदांवर चिनी प्रजासत्ताकाचे (तैवानचे अधिकृत नाव हेच) साल चालते. आपल्या जुन्या महसुली दप्तरांतले फसली साल आठवावे. आकडा दर महिन्याला कळतो म्हणजे रेघ किती दूर गेली हेही दर महिन्याला कळते. जन्म घटत आहेत, तरुण तायचुंगकडे सरकत आहेत, आणि लाख जवळ येण्याऐवजी लांब जात आहे.

मी जावयांना विचारले, "तुमची नोंद कोणत्या प्रभागात आहे?"

ते म्हणाले, "नाही बाबा. आमच्याकडे राहण्याचा परवाना आहे. घरनोंदणीत परदेशी माणूस येत नाही."

घरमालकीणबाईंचा मुलगा दहा वर्षे तायचुंगला राहतो, पण त्याची नोंद अजून याच घरात आहे, कारण हलवायचे कोणाच्या मनातच आले नाही. म्हणजे तो त्साओतुनच्या आकड्यात आहे. इंडोनेशियाची बाई नाही, व्हिएतनामचे तिघे नाहीत, तीन वर्षे या गल्लीत भाडे भरणारे आणि जनाच्या गाडीत कचरा टाकणारे माझे मुलगी-जावई नाहीत, आणि इथेच बोलायला शिकलेली माझी नातही नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडीचे सूर ऐकू आले, तेव्हा खरकट्याचा डबा तिने उचलला आणि पिशवी मी घेतली. दारात तिच्या छोट्या वहाणा उलट्या पडल्या होत्या; त्या सरळ करून तिच्या पायांत घालीपर्यंत गाडी कोपऱ्यावर पोचली होती, म्हणून आम्हाला थोडे धावावे लागले.